टेलचं पाणी

कालव्याचं आवर्तन सुटायच्या आधी आमच्याकडे पारावर एकच वाद रंगतो : यंदा पाणी हेडकडून येणार की टेलकडून. चासकमानचं धरण तिकडे खेड तालुक्यात, भीमेवर. त्याचा डावा कालवा लांबत लांबत येतो आणि आमच्या शिरूर तालुक्यात संपतो. वरच्यांचे ऊस भिजले, विहिरींना पाझर लागला, शेततळी काठोकाठ झाली की मग जे उरेल ते खालच्यांचं. उरतंच असं नाही. म्हणून खालची माणसं भांडली आणि 'टेल टू हेड' पदरात पाडून घेतलं. आधी शेवटच्या चारीचं भिजवा, मग वर सरकत या. नियम दर वेळी पाळला जातो असं मी म्हणणार नाही. पण निदान मोडला तर मोडला म्हणायला तोंड असतं. शाळेची पायरी न चढलेली म्हातारीसुद्धा आमच्याकडे ठणकावून सांगते, "औंदा टेलला पानी पोचलंच न्हाई."

मी जन्माने निमोण्याचा आणि नोकरीने ग्रामसेवक. लोक मला भाऊसाहेब म्हणायचे, अजून म्हणतात. पुणे जिल्ह्यातल्या बऱ्याच ग्रामपंचायतींची दप्तरं माझ्या हाताखालून गेली. कीर्द लिहिली, नमुना आठ फिरवला, मासिक सभेत एक बोललं गेलं असताना इतिवृत्तात दुसरं लिहा म्हणणारे सरपंच सांभाळले. हे सगळं करताना एक गोष्ट डोक्यातून गेली नाही. पाटाच्या पाण्याला आम्ही भांडून जो न्याय लावून घेतला, तो नळाच्या पाण्याला, रस्त्याला, दिव्याला, घरकुलाला का लावला नाही? गावाचंही हेड आणि टेल असतं. ते कुणी ठरवलं हे कुठल्याच सरकारी कागदात नाही. ते मला म्हाताऱ्यांच्या तोंडून कळलं.

माझे थोरले चुलते, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, संध्याकाळी ओट्यावर बसले की काठीने मातीत गाव काढून दाखवायचे. मारुती, चावडी, पाटलाचा वाडा, कुणब्यांच्या आळ्या, मग सुतार, लोहार, कुंभार. मग वेस. वेशीबाहेर ओढा. ओढ्याच्या खालच्या अंगाला महारवाडा, त्याच्याही पलीकडे मांगवाडा. पारध्यांची पालं तर काठीच्या टप्प्यातच यायची नाहीत. "हे कुण्या साहेबानं आखल्यालं न्हाई," ते म्हणायचे, "पन पुण्याच्या पेठा आखल्या तसं आखल्यालंय. वापरल्यालं पानी कुनीकडं वाहतं ते बघ, म्हंजे कोन कुठं ऱ्हातं ते कळंल." आण्णा काही सुधारक नव्हते. जेवणाच्या पंगतीत ते शेवटपर्यंत जुन्याच चालीचे राहिले. पण मोजणीदाराची नजर होती त्यांच्याकडे, आणि पाणी खोटं बोलत नाही हे त्यांना माहीत होतं.

आजीचं माहेर घोड नदीच्या पलीकडचं, श्रीगोंद्याकडच्या एका गावातलं. तिथल्या विहिरीची गोष्ट ती सांगायची ती पापपुण्याच्या सुरात नाही, कामाच्या सुरात. विहीर वरच्या लोकांची. महारवाड्यातल्या बाया आपापल्या घागरी घेऊन लांब बसून राहायच्या. विहिरीवर आलेल्या कुणाला दया आली की तिनं आपला पोहरा वरून त्यांच्या घागरीत ओतायचा, धार तुटती ठेवायची, काठाला काठ लागू द्यायचा नाही. आजी सात-आठ वर्षांची असताना हे काम तिच्याकडे यायचं, कारण मोठ्या बायांना घाई असायची. त्यात एक पोक्त बाई होती, आजीच्या आईपेक्षा थोरली. ती आजीला 'आक्का' म्हणायची. "आक्का, येवढी घागर भरा वं." आणि आजी तिला नुसतं नावानं हाक मारायची, वर 'गं' लावून. आजी म्हणायची, "मला लई बरं वाटायचं. घरात मला कुनी आक्का म्हनत नव्हतं." एवढं बोलून ती भाकरी उलटायची. ती बाई किती वेळ उन्हात बसायची, हे मी विचारलं तेव्हा आजीनं आठवून सांगितलं, "न्याहारीच्या टायमाला यायची. आमी जेवून परत गेलो तरी असायची."

अर्धा दिवस एका घागरीला. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोल्यांनी 4 ऑगस्ट 1923 ला ठराव मांडून मंजूर करून घेतला की सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. आजीच्या गावची विहीर तेव्हा बोल्यांना माहीत नव्हती आणि बोल्यांचा ठराव आजीच्या गावाला. पण महाडच्या नगरपालिकेनं मात्र तो ठराव मनावर घेतला. 1924 च्या जानेवारीत चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. ठराव झाला आणि तळ्यावर कुणी गेलं नाही, कारण जाऊ देणार कोण? 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर स्वतः गेले, पाण्याला हात लावला, आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला, ग्रामसेवक माणसाला, त्यातली वेगळीच गोष्ट खुपते. त्याच नगरपालिकेनं 4 ऑगस्ट 1927 ला आपला ठराव मागे घेतला. बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी. नगरपालिकेच्या कारकुनानं तारीख लिहिताना कॅलेंडरकडे पाहिलं असेल का, हा माझा नेहमीचा प्रश्न. मग तळ्याच्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल लागायला 17 मार्च 1937 उजाडलं. ठराव एका बैठकीत होतो आणि एका बैठकीत मोडतो. मधली दहा वर्षं घागर घेऊन बसलेल्या बाईची.

नगरपालिकेतला पहिला भांडणारा माणूस मात्र याच्याही आधीचा, आणि तो आमच्याच जिल्ह्याचा. जोतीराव फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता तो 1868 साली, म्हणजे सभासद होण्याच्या कितीतरी आधी. त्यांचं नगरपालिकेतलं वागणं बघितलं की मला बजेटाची बैठक डोळ्यांसमोर येते. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून हजार रुपये स्वागताला खर्च करायचं ठरलं. सगळे सभासद हो म्हणाले, जोतीराव एकटे नाही म्हणाले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, हे त्यांचं म्हणणं. पुढे नवी मंडई बांधायचं निघालं, रे मार्केट, तेव्हाही त्यांचा विरोध, कारण तेच, पैसा आधी शाळांना. मंडई बांधलीच गेली. आज तिचं नाव महात्मा फुले मंडई. पुणेकरांचा विनोद कधीकधी ठरवून केलेल्या विनोदापेक्षा भारी असतो.

आमच्या गावच्या दलित वस्तीतले एक म्हातारे होते. वडिलांच्या बरोबरीचे, म्हणून आम्ही मुलं त्यांना बाबा म्हणायचो. तरुणपणी त्यांनी येसकराची पाळी केली होती. वस्तीतल्या घरांत वर्ष-वर्षाच्या पाळ्या असायच्या, त्यांच्या घराची पाळी आली की काठी त्यांच्या हातात. पाटलाचा कागद घेऊन घोडनदीला पायी जायचं. (शिरूरला आमची जुनी माणसं घोडनदीच म्हणतात, शिरूर हे एस.टी.च्या पाटीवर.) साऱ्याच्या पैशाबरोबर राखण म्हणून जायचं, मेलेलं जनावर ओढायचं, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं. संध्याकाळी घरोघर भाकरी मागायची. बाबांना कुठलं घर काय द्यायचं ते पाठ होतं, आणि ते हिशेबासारखं म्हणून दाखवायचे : अमक्याकडं चतकोर, तमक्याकडं अख्खी पण शिळी, पलीकडच्या वाड्यात कोरड्यास वरून ओतलेलं, आणि एका विधवेच्या घरची ताजी, "तिच्याकडंच कमी असायचं वं, पन ताजी."

1 ऑगस्ट 1959 ला कनिष्ठ गावकामगार वतनं खालसा झाली. येसकरकी गेली, हाडकी-हाडोळ्याच्या जमिनी ठरलेली रक्कम भरून वतनदारांच्या नावावर झाल्या, पण नव्या शर्तीवर, म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा. त्याच्या तीन वर्षं आधी, 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात धर्मांतर झालं होतं आणि वस्तीनं मेलेली जनावरं ओढायचं त्या वर्षीच थांबवलं होतं. कायदा मागाहून आला. बाबा म्हणायचे, "सरकारनं काठी काढून घ्यायच्या आधीच आमी ती ओढ्यात टाकलीवती." ती खरंच ओढ्यात टाकली की ही बोलायची रीत, ते मी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला असं विचारायचं नसतं.

1972 चा दुष्काळ आम्हाला कळत्या वयात भेटला. घोडेवर चिंचणीचं धरण झालं होतं, पण धरणात पाणी नसेल तर कालवा काय करणार? पाझर तलावाच्या कामावर सगळं गाव एकत्र खडी फोडायला. मिलोची लाल भाकरी, सुकडी, आणि शनिवारी पगार. हातोडा धरताना जात कुणी विचारत नव्हतं, पाण्याच्या रांजणापाशी मात्र विचारत होते. रांजण एक, पण ओतून देणारा वेगळा. याच काळात पुण्याहून बाबा आढाव 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव हिंडत होते. विहिरी बघायचे, कुणी भरायचं आणि कुणी थांबायचं ते विचारायचे. गावं त्यांना तोंडावर सांगायची, आमच्यात तसलं काही नाही. आढावांची मोठी गोष्ट माझ्या मते ही, की ते गावाचं म्हणणं ऐकून परत जात नव्हते, बाजूला उभं राहून कोण कुठून भरतंय ते बघत होते. पुढे ऑडिटला येणाऱ्या एकाही अधिकाऱ्याला मी विहिरीवर जाताना पाहिलं नाही. ते ऑफिसात चहा घ्यायचे आणि व्हाउचर बघायचे.

ऑडिटवरून आठवलं. कायद्यानं ग्रामपंचायतीला आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चावे लागतात. जिल्हा परिषदेला सेसचे 20 टक्के. शिवाय 1974 पासून दलित वस्ती सुधार योजना आहे, हल्ली तिचं नाव लांबलचक झालंय. कागदावर एवढी तजवीज फार थोड्या देशांत असेल. पण 15 टक्के म्हणजे किती हे सांगितलंय, कुठे आणि आधी कुणाला हे सांगितलेलं नाही. आणि गाव तिथंच आपली अक्कल वापरतं. मी नोकरीत जे पाहिलं त्यातल्या गावांची नावं घेत नाही, गावं माझी अन्नदाती होती. पण मुख्य चौकातल्या हायमास्ट दिव्याचा खर्च 15 टक्क्यांत टाकलेला पाहिलाय, का, तर चौकातून वस्तीकडे रस्ता जातो. समाजमंदिराला दरवर्षी रंग दिलेला पाहिलाय. भिंत कोसळायला आली तरी रंग ताजा. सतरंज्या, खुर्च्या, पातेली, ढोल. खर्च झाला, उपयोगिता प्रमाणपत्र गेलं, शेरा नाही.

एका गावात नळयोजना झाली त्याची गोष्ट सांगतो, कारण ती मी रोज बघत होतो. टाकी उंचावर, जुन्या गावठाणात. टाकीतून चार इंची पाइप निघाली. वेशीपाशी तिची दोन इंची झाली, ओढा ओलांडताना एक, आणि वस्तीत शिरताना अर्धा इंच. पाणी सोडणारा सकाळी कॉक फिरवायचा. वरच्या आळीत नळाला तोटी नसायची, धो धो गटारीत. वस्तीत पाणी पोचेपर्यंत दाब संपलेला. मग बायकांनी काय केलं, नळाच्या बुडाशी जमीन खणली. कमरेएवढा खड्डा. नळाची उभी पाइप कापून आणखी खाली घेतली, कारण जेवढं खाली जाल तेवढी धार लागते. आणि त्या खड्ड्यात उकिडवं बसून, कळशी तिरकी धरून, वाटीनं पाणी ओढायचं. दर घरापुढे तसा एकेक खड्डा. पावसाळ्यात त्याच खड्ड्यात गटाराचं पाणी साचायचं. पाहणीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यानं मला विचारलं, "भाऊसाहेब, हे खड्डे कसले?" मी म्हणालो, "साहेब, हा आपल्या योजनेचा टेल आहे." आणि तेवढ्यात खड्ड्यातून एक बाई उठली, पदर खोचत म्हणाली, "साहेब, वरच्या आळीला सात वाजता सोडता नव्हं? येक दिस आमास्नी सातला सोडा अन् त्यास्नी आठला. बघू कुनाचं मरतंय." 

तिनं सांगितलं त्यापेक्षा नीट आराखडा कुठल्याच इंजिनिअरनं दिला नव्हता. कॉक फिरवायची वेळ बदलायला पैसा लागत नाही. नुसता ठराव लागतो. तो ठराव मांडायला सूचक मिळाला, अनुमोदक मिळायला तीन मासिक सभा गेल्या. अनुमोदन शेवटी दिलं ते एका महिला सदस्यानं, राखीव जागेवर आलेल्या. 73 व्या घटनादुरुस्तीनं ती खुर्ची दिली होती. एरवी तिचा नवराच तिच्या वतीनं बोलायचा. त्या दिवशी तो लग्नाला गेला होता. राज्यघटनेला अशी लहानसहान मदत अधूनमधून मिळत असते. वेळ बदलली. वरच्या आळीनं आठवडाभर आरडाओरड केली आणि मग नळांना तोट्या बसवल्या.

दुष्काळात आमच्याकडून आणि मराठवाड्यातून जी माणसं पुण्याला गेली त्यांतली सगळी काही गिरणीत, कंपनीत लागली नाहीत. कितीतरी बायका कचऱ्याच्या पेट्यांतून कागद, काच, पत्रा वेचू लागल्या. त्या बहुतेक महार-मांगवाड्यांतून आलेल्या, म्हणजे गावातलं काम शहरानं तसंच पुढं चालू ठेवलं. आमच्या गावच्या वस्तीतली एक मावशी त्यांत होती, सुट्टीला गावी आली की तिच्या अंगाला येणाऱ्या वासावरून तिची सख्खी भावजय तिला चुलीपाशी बसू देत नसे. 1993 मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, बाबा आढाव तिथंही होतेच. या बायका चोर नाहीत, शहराचा कचरा कमी करणाऱ्या कामगार आहेत, हे संघटनेनं वजनकाट्यावर सिद्ध करून दाखवलं. किती टन कचरा उचलला जातो आणि त्यामुळे महापालिकेचा किती वाहतूकखर्च वाचतो, तो हिशेबच पुढे टाकला. त्यांच्या ओळखपत्रांना महापालिकेनं मान्यता दिली, आणि 2008 मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. महापालिकेनं जातीचं नाव न घेता जातीच्या कामाला हात घातला, असं मी म्हणेन. त्या करारावरून दरवेळी मुदत संपली की रस्सीखेच होते, ती वेगळी. मावशी पुढच्या दिवाळीला आली तेव्हा गळ्यात ओळखपत्र होतं. ते तिनं आंघोळीच्या वेळी सोडलं तर काढलं नाही. भावजयीनं तिला चुलीपाशी बसवलं की नाही हे मला माहीत आहे, पण ते त्यांच्या घरातलं आहे.

माझा भाचा अमेरिकेत सिअॅटलला असतो. तिथल्या शहर कौन्सिलानं 21 फेब्रुवारी 2023 ला जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, सहा विरुद्ध एक मतांनी. अमेरिकेतलं ते पहिलं शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत मूळच्या पुण्यात जन्मलेल्या. भाच्यानं मला हे फोनवर सांगितलं ते जरा नाराजीनंच, "मामा, इथं येऊनसुद्धा हेच?" मी म्हणालो, तुम्ही नेलंत म्हणून तिथं पोचलं, लोणचं नेता तसं. मग त्याच्याकडूनच कळलं की त्या शहराचं काम त्याच्याही आधीपासूनचं आहे. काळ्या-गोऱ्यांतली दरी कमी करायची म्हणून त्यांच्या नगरपालिकेनं 2004 मध्ये एक कार्यक्रम सुरू केला. रस्ता असो, दिवे असोत की बजेट, खात्यानं आधी लिहून काढायचं की याचा फायदा कुणाला होणार आणि बोजा कुणावर पडणार. अमेरिकेतही वस्त्या आपोआप वेगळ्या झाल्या नव्हत्या. 1930 च्या दशकात तिकडे शहरांचे नकाशे रंगवले गेले, काळ्यांची वस्ती लाल रंगात, आणि लाल भागात घराला कर्ज नाही. आण्णा मातीत काठीनं काढायचे, त्यांनी छापून घेतला, एवढाच फरक. आपल्या जोतीरावांना ही सोयरीक दीडशे वर्षांपूर्वीच दिसली होती. 1873 च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या भल्या माणसांच्या नावे लिहिली आहे.

आमच्याकडे 15 टक्के आहेत, त्यांच्याकडे प्रश्न आहे. मला विचाराल तर मी दोन्ही मागेन. टक्का नसेल तर प्रश्न नुसता फॉर्मवर राहील, आणि प्रश्न नसेल तर टक्क्याचा हायमास्ट होतो. 2015 नंतर आपल्याकडेही 'आमचं गाव, आमचा विकास' म्हणून गावचा आराखडा ग्रामसभेत करायचा असतो. त्यात 'कामाचे ठिकाण' असा रकाना आहे. तो रकाना शेवटच्या घरापासून भरायला सुरुवात करा, एवढंच मी नव्या ग्रामसेवकांना सांगतो. 2020 च्या डिसेंबरात सरकारनं जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय काढला, समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी. चांगलं झालं. पाट्या लागल्या. पाटीखालच्या नळाची वेळ कुठली, ते बघायला मात्र अजून जावंच लागतं.

आणि टेलच्याही पुढे कुणी असतं. चारी संपते, पण रान संपत नाही.

शिरूर आणि दौंडच्या शिवेवर एक पारध्यांची वस्ती आहे. तिथली म्हातारी, सगळे तिला नानी म्हणतात, तिच्या लहानपणी तिचा बाप रोज सांजसकाळ पाटलाच्या दारात हजेरीला जायचा. मूळ 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्मतःच गुन्हेगार. परगावी जायचं तर पास, रात्री नाव पुकारलं की पालातून ओ द्यायची. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा देशभरातून गेला, शिक्का गेला नाही. आजही गावात मोटार चोरीला गेली की पोलीस आधी कुठं जातात ते सांगायला नको. नानी सांगते, "बाप तापानं फनफनला व्हता, तरी उचलून न्हेला हजेरीला. मी मागनं चालत व्हते. पाटील म्हनला, बस, लिवलं नाव, जा आता."

या वस्तीला ना नळ, ना दिवा, ना घरकुल. कारण साधं आहे. जागा गायरान. नमुना आठला नोंद नाही, म्हणून घरपट्टी नाही, म्हणून ग्रामपंचायतीच्या हिशेबी ती घरं नाहीत, म्हणून आराखड्यात नाहीत. 15 टक्के कुणावर खर्चायचे त्या यादीतसुद्धा नाहीत. 2018 मध्ये शासनानं ठरवलं की 1 जानेवारी 2011 पूर्वीपासून सरकारी जागेवर राहणाऱ्या गावाकडच्या लोकांची घरं नियमानुकूल करायची. पण पुरावा पाहिजे, आधीपासून राहत असल्याचा. लाइटबिल, घरपट्टीची पावती, मतदारयादी. यातलं काहीच नाही म्हणून तर हे सगळं पाहिजे होतं.

तिथला नवीन ग्रामसेवक पोरगा हुशार आहे, माझ्याकडे अधूनमधून येतो. त्याला घेऊन मी वस्तीवर गेलो. त्यानं नानीला विचारलं, "आजी, तुम्ही इथंच राहता याचा काही जुना कागद?" नानी हसली. म्हणाली, "तवा दिसातनं दोनदा लिवायचे की नाव. येवढी वर्सं लिवलं. आता येकदा लिवायला काय व्हतंय तुमास्नी?"

पोरगा माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे. हजेरीची रजिस्टरं. पाटलाच्या दप्तरातून ती कुठंतरी जमा झाली असणार, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नाहीतर पोलिसांकडे. वाळवीनं खाल्ली नसतील तर नाव, गाव, तारीख, सगळं सरकारी शाईत. त्याच रात्री बसून आम्ही माहितीच्या अधिकाराचे दोन अर्ज लिहिले, एक महसूलला, एक पोलिसांना. अर्जदार नानीचा नातू, दहावी झालेला. विषय : 'हजेरी रजिस्टर, मौजे अमुक, सन 1952 पूर्वीचे, नक्कल मिळणेबाबत.' दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, आवक-जावकचा शिक्का मारून पोच घेतली. तीस दिवसांची मुदत आहे. नातवाला सांगून ठेवलंय, एकतिसाव्या दिवशी सकाळी अपिलाचा कागद घेऊन माझ्या दारात यायचं, आणि येताना नानीलाही आण, तिच्या अंगठ्याशिवाय मी अपील पुढे पाठवणार नाही.